दामाजीपंतांनी पंचनामा मागितला नव्हता



दामाजीपंतांचे आख्यान लागले की सप्ताहाच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरत नाही. बुवा रंगात येतात. मंगळवेढ्याची कोठारे उघडली जातात, बेदरच्या बादशहाचे शिपाई पंतांना धरून नेतात, आणि पंत अजून वाटेतच असताना खांद्यावर घोंगडी टाकलेला एक विठू महार दरबारात जाऊन मोहरांची थैली ओततो. थैली रिकामी होतच नाही. मृदंगावर थाप पडते, आयाबाया पदराने डोळे पुसतात, विठ्ठलनामाचा गजर होतो. मग पंगत बसते. आणि त्याच पंगतीत, पत्रावळीवर भाजी वाढली जात असताना, कोणीतरी सहज बोलून जातो, "सरकारने शेतकऱ्याला फुकटची सवय लावली. पाऊस जास्त झाला तरी अनुदान, नाही झाला तरी अनुदान." दोन-चार माना डोलतात. डोलणाऱ्यांत शेतकऱ्यांची नोकरीला लागलेली पोरेही असतात.

हा लेख त्या डोलणाऱ्या मानांसाठी आहे.

आख्यान नीट ऐकले तर त्यात चमत्काराच्या आधी एक हिशेब आहे. कोठारातले धान्य कोणाचे होते? कागदोपत्री बादशहाचे. पण ते पिकले होते मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. कुणब्याने पेरले, बलुतेदारांनी त्याच्या अवजारांना हात लावला, आणि सारा म्हणून ते कोठारात गेले. पिकाच्या वर्षी राजा आपला वाटा नेतो तो कशाच्या जोरावर? रयतेचा सांभाळ करीन, या शब्दाच्या जोरावर. मग नापिकीच्या वर्षी कोठाराचे दार उघडले तर त्याला दान कसे म्हणायचे? पंतांनी वाटले ते रयतेचेच होते. फार तर परतफेड म्हणा.

पांडुरंगाने काय केले तेही पाहा. त्याने बादशहाची बाकी चुकती केली आणि रीतसर पावती घेतली. वसुली मात्र भुकेल्यांच्या दारात नेली नाही. तुम्ही खाल्लेले धान्य पुढच्या सुगीला व्याजासह भरा, असे कोणी म्हटल्याचे आख्यानात कुठेही येत नाही. पंतांनीही रांगेतल्या माणसाला तुझे रान किती, पेरा किती, नोंद केली होती का, असे विचारले नाही. पंचनामा मागितला नाही. उपाशी माणूस समोर उभा होता, तेवढा पुरावा त्यांना पुरला.

कोणी म्हणेल, महाराज, हे आख्यानात शोभते. आजच्या तहसीलदाराने असे परस्पर गोदाम उघडले तर तो संध्याकाळपर्यंत निलंबित होईल. खरे आहे. म्हणूनच तर दुष्काळाचे कायदे झाले. एखाद्या दामाजीने जीव धोक्यात घालावा तेव्हाच रयत जगेल, अशी पाळी येऊ नये म्हणून. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जो दुष्काळ कोसळला त्यानंतर इंग्रज सरकारने १८८०मध्ये आयोगाचा अहवाल घेतला आणि १८८३मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा केला. फॅमिन कोड म्हणत त्याला. कामे कधी काढायची, मजुरी किती द्यायची, जो काम करू शकत नाही त्याला काय द्यायचे, हे त्यात लिहिलेले होते. इंग्रजांना आपला कळवळा आला होता असे समजण्याचे कारण नाही. माणसे मेली की सारा बुडतो, हे त्यांना समजले होते. पण एकदा लिहिले गेले म्हणजे ते मागता येते. १८९६-९७च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या माणसांनी नेमके हेच केले. गावोगाव जाऊन संहितेत रयतेसाठी काय लिहिले आहे ते सांगितले. टिळकांचा 'केसरी' तेच सांगत होता: जे सरकारनेच लिहून ठेवले आहे ते हक्काने मागा, घाबरू नका, सारा भरण्यासाठी बैल विकू नका. सरकारला हे इतके झोंबले की १८९७मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. रयत उपाशी आहे याची सरकारला लाज वाटली नव्हती. तिला कायदा माहीत झाला याचा मात्र राग आला.

पुढे आपले राज्य आले. १९७२चा दुष्काळ आपल्यातल्या जुन्या माळकऱ्यांनी अंगावर काढला आहे. खडी फोडणारे हात, पाझर तलावाच्या भरावावर पाट्या वाहणाऱ्या बाया, लाल मिलोच्या भाकरी, पोरांच्या ओंजळीतली सुकडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच काळात वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, ही सरकारची मेहेरबानी उरली नाही. ती त्याची कायदेशीर जबाबदारी झाली. आणि तिचा पैसा कुठून आला? पुण्या-मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५मध्ये याच कामासाठी बसवला गेला. पंगतीत मान डोलावणाऱ्या शहरातल्या माउलींनी आपली पगाराची पावती काढून पाहावी. तुमच्या आधीच्या पिढीने दर महिन्याला थोडे थोडे देऊन दुष्काळी भागाशी एक करार केला होता. तो मोडायचा असेल तर उघड मोडा. त्याला फुकट म्हणून हिणवू नका.

आता फुकट फुकट म्हणतात ते किती, तेही एकदा मोजू.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत तीन वाटे केंद्राचे आणि एक वाटा राज्याचा असतो. त्याच्या २०२२ ते २०२६ या वर्षांसाठीच्या दरांप्रमाणे पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळतात. तेही दोन हेक्टरांपर्यंतच. राज्य सरकारने मधल्या काही वर्षांत आपल्या तिजोरीतून दर वाढवून दिले, मर्यादा तीन हेक्टरांवर नेली, हेही सांगायला हवे. पण मूळ दर हाच. म्हणजे एका एकराला साडेतीन हजारांच्या आत. दोन हेक्टर जिरायत असलेल्या कुटुंबाला जास्तीत जास्त १७,००० रुपये. वर्षाच्या दिवसांनी भागले तर दिवसाला ४७ रुपयेही पडत नाहीत, आणि घरात माणसे पाच. बियाणे, खत, नांगरट आणि पेरणीचा खर्चही यातून निघत नाही. गेलेल्या पिकाची किंमत तर दूरच. ही भरपाई नाहीच. नियमाच्या भाषेतही तिला भरपाई म्हणत नाहीत, पुढच्या पेरणीसाठी निविष्ठा अनुदान म्हणतात. हे आहे ते फुकट.

आणि ते तरी कसे मिळते? आधी दुष्काळ आहे असे सरकारने म्हणावे लागते. आपल्याला वाटते, विहीर आटली, गुरे दावणीला हंबरू लागली, म्हणजे दुष्काळ. तसे नसते. पूर्वी आणेवारी होती, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आता तिची पैसेवारी झाली. गावातल्या निवडक शेतांत ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढे पीक कापायचे, मळायचे, तोलायचे, आणि मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या प्रमाण उत्पादनाशी ते ताडून पाहायचे. पन्नास पैशांच्या आत आले तर गाव अडचणीत. एकावन्न आले तर गाव सुखी. यात गोम कुठे आहे ती पाहा. जिथे वरचेवर दुष्काळ पडतो तिथली सरासरीच खाली जाते. सरासरी खाली गेली की यंदाचे वाईट पीक तिच्याजवळ येते आणि पैसेवारी वर चढते. म्हणजे जे गाव सारखे नापिकीत असते त्याला नापिकीचीच सवय आहे असे धरले जाते. दुसरी गोम चौकोनाची. तो विहिरीकाठच्या रानात पडला की माळावरच्या रानात, यावर गावाचे वर्ष ठरते. गावाची पैसेवारी काढणाऱ्या समितीत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, गावातले शेतकरी असतात. यातले निम्मे तरी गळ्यात माळ घातलेले असतात. चौकोन आखला जातो तेव्हा ते बांधावर असतात का, की सही घरपोच होते, हे ज्याचे त्याने विचारावे.

१९८०-९०च्या दशकांत पैसेवारी हाच मोठा निकष होता. आता वर आणखी एक थर चढला आहे. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका याचिकेवर निकाल देताना दुष्काळ मान्य करायला राज्ये कचरतात यावर बोट ठेवले आणि २००९ची जुनी नियमपुस्तिका सुधारायला सांगितले. त्यातून २०१६ची नवी पुस्तिका आली, आणि आपल्या राज्याने ७ ऑक्टोबर २०१७च्या शासन निर्णयाने ती लागू केली. आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचा, मग उपग्रहावरून पिकांची स्थिती, मातीतला ओलावा, भूजल, धरणसाठे, आणि शेवटी तालुक्यातल्या काही गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी. शास्त्र वाईट नाही. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरेच आहे. पण हिरवे दिसले म्हणजे कणसात दाणा भरला असे होत नाही, आणि मंडळाच्या गावी पर्जन्यमापकात पडलेला पाऊस शिवारभर पडला असेही होत नाही. शिवाय सगळ्या कसोट्या उतरून तालुका 'मध्यम' दुष्काळात गेला तर केंद्राच्या आपत्ती निधीतून मदत मागता येत नाही. त्यासाठी दुष्काळ 'गंभीर'च लागतो. पुरेसे होरपळला नाहीत, पुढच्या वर्षी या, असा त्याचा अर्थ.

आणि मग तो एक शब्द, 'दुष्काळसदृश'. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली, आठवड्याभरात, ३१ तारखेला, १५१ तालुक्यांत खरा दुष्काळ जाहीर झाला. २०२३ला पुन्हा ३१ ऑक्टोबरला ४० तालुके दुष्काळी ठरले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. बाहेर राहिलेल्यांनी ओरड केल्यावर नोव्हेंबरात १,०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाली आणि त्यांना सवलती लागू झाल्या. या ४० तालुक्यांची नावे वाचताना वारकऱ्याला वेगळीच ओळख पटते. पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, खंडाळा, माळशिरस. ज्या रस्त्याने माउलींची आणि तुकोबारायांची पालखी जाते, ज्या गावांनी आपल्याला पिठले-भाकरी वाढली, ज्यांच्या हौदावर आपण पाय धुतले, तीच ही गावे. आणि दामाजीपंतांचे मंगळवेढे? सोलापूर जिल्ह्यातले पाच तालुके त्या पहिल्या यादीत होते, मंगळवेढा त्यात नव्हता. ज्या गावाच्या दुष्काळाचे आख्यान आपण शेकडो वर्षे गातो, ज्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि ज्याच्या दक्षिणेकडची गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडत आहेत, त्याला दुष्काळाच्या यादीत बसायला दाराबाहेर थांबावे लागले.

दुष्काळ जाहीर झाला की आठ सवलती मिळतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे नियम सैल, टँकर, आणि वीज न तोडणे. ऐकायला भरघोस वाटते. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, हे मात्र कोणी सांगत नाही. यंदाचे पीककर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बांधतात आणि व्याज चालूच राहते. थेट मदतीचा पैसा तर त्याहून सावकाश चालतो. २०१८चा दुष्काळ ऑक्टोबरअखेर जाहीर झाला. केंद्राने राज्यासाठी ४,७१४ कोटी मंजूर केले ते २९ जानेवारी २०१९ रोजी. पौष संपत आला होता. मंजुरीनंतर याद्या, याद्यांनंतर विशिष्ट क्रमांक, त्यानंतर सेतू केंद्रात अंगठा. अंगठ्याच्या रेषा खडी फोडून झिजलेल्या म्हातारीचा ठसा यंत्र घेत नाही. सामाईक खाते असेल तर भावांची संमती हवी, आणि भाऊ सुरतेला गेलेला. मदतीच्या रकमेतून कोणत्याही बँकेने कर्जवसुली करू नये, असे प्रत्येक शासन निर्णयात छापलेले असते. वारंवार छापावे लागते, यातच काय ते समजा.

सरकारशी भांडण इतके पुरे. घरातले भांडण अवघड आहे.

आपल्यातलेच काही बुवा दुष्काळाच्या वर्षी उभे राहतात आणि सांगतात, पाप वाढले, धर्म बुडाला, म्हणून पाऊस रुसला. समोर बसलेला शेतकरी मान खाली घालतो. त्याचे बियाणे आधीच जळालेले असते, आता त्याला अपराधीही ठरवले जाते. बुवांना माझी एकच विचारणा आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास. माणदेशाने महाबळेश्वरच्या दसपट पाप केले काय? सह्याद्रीच्या आडोशाला जो प्रदेश येतो तिथे ढग रिकामे होऊन पोचतात, ही भूगोलाची गोष्ट आहे. आणि त्याच सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर उसाचे मळे डोलतात नि काही कोसांवर टँकरची वाट पाहत हंडे उभे असतात, ही आपल्या वाटणीची गोष्ट आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा लातूरकरांचे पुण्य कमी पडले नव्हते. तुकोबारायांच्या घरात १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने पत्नी आणि मूल नेले. कोणी छातीला हात लावून म्हणेल का की ते त्यांच्या पापाचे फळ होते? मग ते जतच्या, आटपाडीच्या, आष्टीच्या शेतकऱ्याला कसे म्हणता?

त्याच तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट आपण वैराग्य म्हणून सांगतो. वैराग्य तर खरेच. पण इंद्रायणीत काय बुडाले? लोकांकडे येणे असलेली बाकी. दुष्काळाने मोडलेल्या कुळांचे कर्ज धनकोनेच सोडले. आणि परंपरा आणखी एक बारीक गोष्ट सांगते: भावाच्या वाट्याची खते त्यांनी बुडवली नाहीत, आपल्याच वाट्याची बुडवली. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी उदारपणा केला नाही. यावरून कोणी म्हणेल, बघा, दान स्वतःच्या खिशातून करावे, सरकारी तिजोरीतून नव्हे. याला उत्तर दामाजीपंत आहेत. स्वतःचे असेल तर तुकोबांसारखे सोडा, आणि रयतेचे तुमच्या ताब्यात असेल तर पंतांसारखे उघडा. सरकारच्या हातातली तिजोरी दुसऱ्या जातीची आहे. तिथे बसलेल्याने आपल्याला दाता म्हणवून घेणे आणि मदतीच्या धनादेशावर हसरा फोटो काढून घेणे, हे पंतांच्या जागी बसून विठोबाचे श्रेय घेण्यासारखे आहे.

"आम्ही अन्नदान करतो, आम्हाला सरकारशी काय करायचे?" असेही ऐकू येते. अन्नदान थोरच. वारीत लाखोंच्या मुखात घास पडतो तो त्याच्यामुळे. पण पंगत एका दुपारची भूक भागवते. कर्जाचा हप्ता, मुलीची फी, दावणीच्या बैलाचा चारा पंगतीत वाढता येत नाही. आणि अन्नदानात घेणाऱ्याने हात जोडावेत अशी रीत आहे. हक्काच्या मदतीत हात जोडायचे कारण नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितले आहे आणि त्यांत उपजीविका पुन्हा उभी करण्याची मदतही धरली आहे. सरकारने करायचे ते आपण पंगतीने भरून काढू लागलो तर सरकार खुशाल झोपेल, आणि आपल्याला पुण्य लागल्याचे समाधान मिळेल. शेतकऱ्याच्या हाती मात्र पुढच्या मृगाला बियाणे नसेल.

आता सगळ्यांत दुखरी जागा. ही सगळी मदत हेक्टरात मोजतात. ज्याच्या नावावर हेक्टर नाही त्याचे काय? मंगळवेढ्यातलेच उदाहरण घ्या. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते. आपण त्यांची समाधी नामदेव पायरीजवळ पाहतो, तिथे डोके टेकतो. आज चोखोबा असते तर दुष्काळी अनुदानाच्या यादीत त्यांचे नाव आले असते का? नसते आले. सातबारा नाही, पीक पाहणीत नोंद नाही, म्हणजे नुकसान नाही. दुष्काळात पहिली चूल विझते ती मजुराचीच, कारण पेरणीच झाली नाही तर खुरपणी कुठली आणि काढणी कुठली. दुसऱ्याचे रान वाट्याने करणाऱ्याचा खर्च जळतो आणि अनुदान मालकाच्या खात्यावर जमा होते. नवरा गेलेली बाई रानात राबते, उतारा सासऱ्याच्या नावावर. आणि गंमत म्हणा की शोकांतिका, पांडुरंग बेदरला गेला तो सरदाराच्या वेषात गेला नाही. विठू महार होऊन गेला. ज्याचे नाव यादीत नसते त्याचेच रूप त्याने घेतले. दामाजीचे आख्यान लावणाऱ्या गावात वाटेकऱ्याला मालकाने अनुदानातला वाटा दिला की नाही, हे कीर्तन संपल्यावर विचारायला हरकत नसावी.

आणि जिथे पीक बुडालेच नाही तिथे बुडाल्याचे लिहून घेणारे? त्यांतही माळकरी आहेत, हे लपवून उपयोग नाही. विहिरीवर ऊस उभा आहे आणि कागदावर करपलेली बाजरी दिसते. पुढाऱ्याच्या भावकीची नावे यादीत आधी चढतात, तांड्यावरची शेवटी. एकादशीला पाणी न पिणारा माणूस अशा यादीत आपले नाव घालून घेतो तेव्हा तो सरकारला फसवत नाही. तो शेजारच्या माळावरच्या माणसाचा घास उचलतो, कारण बोगस नावे सापडली की साहेब सगळ्या गावाच्या याद्या अडवून ठेवतो. "शेतकऱ्याला फुकटची सवय लागली" म्हणणाऱ्याच्या हाती दाखला देणारा तोच. त्याला फडात वीणा देऊ नये, असे माझे मत आहे. कोणाला कडक वाटेल, वाटो.

राजकारण नको, असे म्हणून अनेक दिंड्या या विषयापासून दूर राहतात. पक्षाचा झेंडा दिंडीत नको, हे शंभरदा मान्य. पण गावाची पैसेवारी खरी यावी, हे कोणत्या पक्षाचे मत आहे? खरिपाचा पहिला अंदाज साधारण भाद्रपदात निघतो, सुधारित आश्विन-कार्तिकात, अंतिम मार्गशीर्ष-पौषात. म्हणजे गणपती उठल्यापासून कार्तिकीहून परत येईपर्यंत आणि पुढेही थोडे. या दिवसांत आपण गावात असतो, काकडा चालू असतो, पहाटे सगळे देवळात जमतात. कापणीचा प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, हे काकड्यानंतर विचारता येते. दहा माणसे बांधावर उभी राहिली तर चौकोन आपोआप सरळ पडतो. कोणाशी भांडावे लागत नाही. मजुरांना रोजगार हमीचे काम हवे असेल तर मागणी तोंडी करू नये, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्याचा अर्ज भजनी मंडळातल्या पोराने लिहून द्यावा, हरिपाठाइतकेच ते पाठ होते. तक्रारीचा अर्जही तसाच, पोच घेऊन.

आणि मदतीची यादी आली की ती चावडीच्या भिंतीवर, उंचावर, बारीक अक्षरात चिकटवतात. म्हाताऱ्यांना ती दिसत नाही, बायका तिथे जात नाहीत. ती देवळात वाचावी. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम. ज्याचे रान पडीक होते त्याच्या नावावर कापूस निघाला तर सगळ्यांच्या समोर निघू दे. ज्याचे नाव राहिले त्याने तिथेच हात वर करावा आणि ग्रामसेवकाने तिथेच लिहून घ्यावे. वाटेकरी कोण, तेही शेजारीच सांगतील. दीड-दोनशे नावांना हरिपाठाआधी अर्धा तास पुरतो, आणि खणखणीत आवाजाचा चोपदार तर प्रत्येक गावात असतोच.